घरी भरलेले काडतूस

घरी केलेली वस्तू विकतच्या वस्तूहून स्वस्त पडते, हा आपल्या संसाराचा एक जुना सिद्धांत आहे. पापड, लोणची, मसाले यांच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो. कारण घरातील बायकांच्या श्रमांची किंमत हिशेबात धरण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु हाच सिद्धांत बंदुकीच्या काडतुसाला लावला तर तो कितपत टिकेल, याविषयी मला फार दिवसांपासून कुतूहल आहे.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात (1999 पूर्वी तो भंडारा जिल्ह्याचाच भाग होता) हा प्रश्न अगदीच पुस्तकी नव्हे. हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि रानाचा. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाकडेच्या बांध्यांत धान लोंबीवर आले, की रात्री रानडुकरे उतरतात आणि खातात त्याहून अधिक तुडवितात. म्हणून पूर्वी काही शेतकऱ्यांच्या घरी परवान्याची बंदूक असे. माझ्या आजोबांकडेही होती. आधी ठासणीची, तिच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छर्रे क्रमाने घालून गजाने ठासावयाचे. पुढे बारा बोअरची आली. बारा बोअर म्हणजे काय, हे आजोबा मोठ्या ऐटीने सांगत: नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांचे वजन एक पौंड भरते.

तिची काडतुसे कागदी नळीची व पितळी बुडाची असत. उडालेले काडतूस फेकणे त्या पिढीच्या जिवावर येई. बुडातील फुटकी टोपी काढून नवी बसवावी, मापाने दारू घालावी, तीवर नमद्याची चकती, मग छर्रे, शेवटी पुठ्ठ्याची चकती. आणि नळीची कडा आत वळविली की काडतूस पुन्हा तयार! आजोबांचे ते पितळी माप अजून आमच्या घरी आहे.

अमेरिकेत हा उद्योग आजही हजारो हौशी लोक करतात. पिस्तुलाच्या काडतुसात पितळी नळी हाच महागडा भाग. ती पुनःपुन्हा वापरता येते, तेव्हा दर काडतुसामागे पैसे वाचतात यात संशय नाही. मात्र वाचलेले पैसे खिशात राहत नाहीत, असे त्यांच्यातील जाणतेच हसत हसत कबूल करतात. काडतूस स्वस्त झाले की माणूस अधिक बार काढतो! आमच्या आजोबांचे याच्या उलट होते. स्वतः भरलेले प्रत्येक काडतूस त्यांना मोजून ठाऊक असे, आणि म्हणूनच ते सहसा उडविले जात नसे. घरच्या काडतुसाचा खरा लाभ कोणता असेल तर तो हा संयम होय, असे मला वाटते.

पण लाभाची बाजू येथेच संपते. जुनी काळी दारू मापाने भरली तरी चाले. 1884 साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली. ती इतकी जोरकस, की काळ्या दारूचे माप तिने भरले तर नळीच फुटावी. पिस्तुलाचे प्रकरण त्याहून नाजूक. त्यात दारू इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा घातली तरी ती नळीत मावते आणि भरणाऱ्याला पत्ता लागत नाही. उलट, दारू घालावयाची राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. आणि पुढचा बार उडविणाऱ्याच्याच हातात फुटतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे. अशा ठिकाणी वजन आणि तपासणी हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तरीही दारू कोणाची भीड धरीत नाही. आमच्या शेजारी, भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या कारखान्यात 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात कामगार प्राणास मुकले. जेथे सारा बंदोबस्त, तेथे ही गत. मग माजघरात चुलीपासून चार हातांवर दारू मोजणाऱ्याने कोणाच्या भरवशावर निर्धास्त राहावे?

आजीचा आक्षेप मात्र निराळा होता. ती म्हणे, “बार हलका बसला, तर डुक्कर मरत नाही, बांधीत लपते. सकाळी धान कापायला कोण जाते? तुम्ही का?” कापणीला जात बाया. जखमी रानडुकराची गाठ ओणव्याने विळा चालविणाऱ्या बाईशी पडावी, आणि वाचलेले चार आणे मात्र बंदूकवाल्याच्या कनवटीला राहावेत, असा हा व्यवहार! आजोबांना या प्रश्नाचे उत्तर अखेरपर्यंत सापडले नाही.

पुढे काळानेच निकाल दिला. 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरही कडक बंधने आणली. आणि ज्या रानाकडे आजोबांची बंदूक रोखलेली असे, ते 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तथापि कायदा नसता तरी मी आजीच्याच बाजूने मत दिले असते. घरच्या काडतुसाच्या जमाखर्चात दारू, छर्रे, टोपी सर्व काही मांडलेले असते. चूक झाल्यास ती कोणाच्या अंगावर जाईल, हा रकाना तेवढा कोरा असतो. तो भरून पाहिला, की विकतचे काडतूसच स्वस्त पडते.