कौलाखालची राखण

घरात माशांची टाकी आली की पंधरा दिवसांत काचेवर हिरवट थर धरतो आणि दुकानदार ठरलेला उपाय सांगतो : एक सकर टाका. आमच्या डोंबिवलीच्या घरात सकर असाच आला. लाल-सोनेरी मासे शोभेसाठी आणि हा काळपट, खरखरीत, काचेला तोंड चिकटवून बसणारा मासा कामासाठी. बाकीच्यांना आम्ही भावंडांनी नावं दिली होती, त्याला कुणी दिलं नाही. ‘याला काही घालावं लागत नाही, घाण खाऊन राहतो,’ असं पाहुण्यांना सांगितलं जायचं. दिवा मालवल्यावर तो काच सोडून टाकीभर फिरू लागायचा. मी जागी राहून त्याच्याकडेच बघायचे.

तो वाढत गेला. ही जात दीड फुटापर्यंत जाते, पण विकत घेताना हातात येतं ते बोटाएवढं पिल्लू. त्याला टाकीत धड वळता येईना, तेव्हा एका पावसाळ्यात काकांनी त्याला बादलीतून तलावावर नेऊन सोडलं. ‘सुटला बिचारा,’ आजी म्हणाली. तिच्या बोलण्यात माया होती. तेव्हा पुष्कळ घरांत असंच व्हायचं.

नोकरीसाठी पुण्याला आले, भाड्याच्या खोलीत दोन फुटी टाकी घेतली आणि त्या सकरचा लहान चुलतभाऊ मला भेटला : ब्रिसलनोझ प्लेको. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा रहिवासी चार-पाच इंचांवर थांबतो. त्याची ‘ॲन्सिस्ट्रस’ ही प्रजाती ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ क्नेर यांनी १८५४ मध्ये नोंदवली. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या पट्ट्या असतात. खाली वळलेलं तोंड म्हणजे एकाच वेळी पकड आणि किसणी. डोळ्यात बुबुळावर उतरणारा एक छोटा पडदा असतो. तो उजेडात पसरतो, अंधारात आक्रसतो. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि जठरातून ती शोषून घेतो. निव्वळ काचेवरच्या शेवाळावर त्याचं भागत नाही. त्याला दुधी लागतो, काकडी लागते, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक लागतो, किसायला ड्रिफ्टवूडचा ओंडका लागतो. लहानपणी ऐकलेलं ‘काही घालावं लागत नाही’ हे वाक्य त्याच्या ताटलीपुढे खोटं ठरलं.

नर वयात आला की त्याच्या तोंडावर, नाकाडापासून कपाळापर्यंत, फाटे फुटलेल्या मांसल मिश्या उगवतात. मादीला त्या नसतात, किंवा ओठाच्या कडेला तुरळक असतात. जोडी ओळखता येऊ लागल्यावर मला त्यांच्यासाठी गुहा हवी होती. कोकणातल्या आजोळच्या घराचं छप्पर उतरवलं, तेव्हा नळीची दोन कौलं मी मागून आणली होती. खूप दिवस पाण्यात भिजवून, घासून ती एकमेकांवर पालथी-उताणी बांधली आणि मागचं तोंड दगडाने बंद केलं. नराने त्याच रात्री आत घर केलं. थोडं थोडं गार पाणी घालून टाकीचं पाणी बदलत राहिले, कारण त्यांच्या मुलखात पावसाचं पाणी नदीत येतं तेव्हा विणीला जोर चढतो. एका सकाळी कौलाच्या तोंडाशी टॉर्च धरला, तर आत नारिंगी अंड्यांचा घोस होता आणि त्यावर नर पंख हलवत बसला होता.

अंडी घालून मादी निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. तो कल्ल्यांमागच्या पंखांनी अंड्यांवर ताजं पाणी खेळतं ठेवतो, बुरशी लागलेलं अंडं बाजूला करतो, कुणी जवळ आलं की अंगाने दार अडवतो. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर असलं तर पाचेक दिवसांत अंड्यांतून पिल्लं निघतात. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन ती आणखी आठवडाभर आतच लटकून राहतात. तेवढे दिवस बाप फारसा बाहेर येत नाही.

या मिश्यांबद्दल मार्क साबाज, जोनाथन आर्मब्रूस्टर आणि लॉरेन्स पेज यांनी १९९९ मध्ये मांडलेला तर्क मला फार मोलाचा वाटतो. मादीला आधीच पिल्लं सांभाळत असलेला नर पसंत पडतो आणि मिश्या म्हणजे त्या पिल्लांचीच नक्कल असावी, असं ते म्हणतात. मोराचा पिसारा रूप दाखवतो. इथे दाखवायची गोष्ट एकच : मी राखण करतो. हे वाचल्यानंतर कामाचा मासा आणि शोभेचा मासा ही विभागणी माझ्या मनातून गेली.

बलक संपला की पिल्लं कौलातून बाहेर पडतात, काचेवर पसरतात आणि बापाचं काम संपतं. एका विणीत पन्नास, कधी शंभर. चांगली पोसलेली जोडी महिना-दीड महिन्यात पुन्हा विणीला येते. तेवढ्या विष्ठेचा अमोनिया फिल्टरमधल्या जिवाणूंना पेलत नाही, म्हणून पाणी वरचेवर बदलावं लागतं. मग जागा संपते, ओळखीपाळखीचे लोक संपतात आणि बादली आठवते.

त्या बादलीतून देशभर जे पोहोचलं, ते आज डोळ्यांसमोर आहे. टाक्यांतून गेलेले मोठे सकर पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आहेत, केरळच्या कालव्यांत आहेत, आपल्या उजनी जलाशयातही आहेत. त्यांची कवचं मच्छीमारांची जाळी फाडतात आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसतं. हवा गिळता येत असल्याने घाण पाण्यातही ते तगतात. आणि त्यांचाही नर राखणदारच असतो. तो काठाच्या मातीत दोन-तीन फूट खोल बीळ खणतो, आत अंडी सांभाळतो. बिळं वाढली की काठ ढासळतो. ज्या गुणासाठी मी कौलापाशी टॉर्च घेऊन बसते, तोच गुण परक्या तलावात त्यांची संख्या वाढवतो. माशाचं यात काहीच चुकत नाही. त्याने राखण कुठे करावी, हे माणसाने ठरवलेलं असतं.

पैदाशीचा छंद अंड्यांपाशी पुरा होत नाही, असं मी म्हणते ते यासाठी. पिल्लं होऊ देणं सोपं आहे. चांगलं पाणी, काकडीची फोड आणि एक अंधारा कोपरा एवढं पुरतं. ही पिल्लं दहा-बारा वर्षं जगू शकतात, तेव्हा पिल्लू न्यायला येणाऱ्याला मी टाकी किती लिटरची आहे हे विचारते, ओंडका आहे का हे विचारते आणि नकोसं झालं तर तलावावर न जाता माझ्याकडे परत आणायचं, असं वचन घेते. सोसायटीतली मुलं हे वचन मोठ्यांपेक्षा जास्त गांभीर्याने पाळतात. एक वीण झाली की नर-मादी वेगळ्या टाक्यांत जातात आणि कौल बाल्कनीत वाळत पडतं. पुढच्या पिल्लांची घरं ठरल्याशिवाय मी ते परत पाण्यात ठेवत नाही.