लाकडाशी कुस्ती

दादरच्या शिवाजी पार्कात संध्याकाळी कुठूनही शिरा, आधी कानावर येतं ते क्रिकेट. आचरेकर सरांच्या नेटमुळे आणि सचिनमुळे हे मैदान जगाला ठाऊक झालं. पण मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिराकडे वळलं की हवा वेगळी लागते. एरंडेलाचा जड वास येतो. अनवाणी टाचा टेकल्याचा धप्प आवाज, ‘गुडघा ओढ’, ‘पंजा ताण’ अशा तुटक सूचना. आणि उभ्या खांबावर डोकं खाली, पाय वर करून लटकलेलं एखादं आठ-नऊ वर्षांचं पोर. कोण बघतंय याची त्याला जराही फिकीर नसते.

मुंबईतली ही जागा मला फार प्रिय आहे. आरसे लावलेल्या, गार हवेच्या जिममध्ये माणूस स्वतःकडे बघत व्यायाम करतो. इथे बघायला समोर फक्त लाकूड असतं.

मैदान १९२५मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, त्याला आजचं नाव मिळालं. काळे गुरुजींनी समर्थ व्यायाम मंदिर सुरू केलं तेही १९२५मध्येच. तो काळच व्यायामशाळांचा होता. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तेव्हा उभं राहिलेलं होतं, बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा माणिकराव चालवत होते, गावोगावच्या तालमी घुमत होत्या. शरीर कमावणं आणि देश कमावणं ही दोन वेगळी कामं आहेत असं त्या पिढीला वाटतच नव्हतं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, ती याच जिद्दीतून.

या खांबाची, म्हणजे मल्लखांबाची, कथा त्याहून जुनी. सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकात, खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख सापडतो. मग काही शतकं तो जवळजवळ दिसेनासा होतो आणि पुन्हा वर येतो तो दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांबरोबर. सांगतात ते असं: हैदराबादेहून अली आणि गुलाब हे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले. बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले आणि तिथे त्यांना मारुतीने खांबावरच्या पकडी दाखवल्या. परत येऊन त्यांनी कुस्ती मारली. दृष्टान्ताचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने घ्यावा. मला त्यातली मुदत मागण्याची गोष्ट मोलाची वाटते. आपल्याला अजून येत नाही हे भर दरबारात कबूल करून शिकायला निघून जाणं पैलवानाला सोपं नसतं.

खांबाची घडणही कुस्तीतल्या जोडीदाराची आठवण ठेवूनच झालेली आहे. वरचं बोंड, त्याखालची मान, खाली जाड होत गेलेलं अंग. सागाचा किंवा शिसवीचा हा गडी दमत नाही, चिडत नाही, दयाही करत नाही. पायांची अढी नीट बसली नाही तर तो तुम्हाला सरळ खाली सोडतो. अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, फरारे, ताजवे ही नावं इथली मुलं शाळेतल्या पाढ्यांच्या आधी पाठ करतात. सुरुवातीचे काही महिने मांड्यांची आतली बाजू आणि पोटऱ्या सोलून निघतात. पालक घाबरतात, पोरं मात्र एकमेकांना खरचटलेलं दाखवून मोठेपणा मिरवतात.

स्पर्धेच्या दिवसांत ही जागा आणखी गंभीर होते. १९८१पासून मल्लखांबाच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या आणि जी साधना होती तिला गुणांचा तक्ता लागला. अनिवार्य संच, ऐच्छिक संच, पंचांच्या नजरा, एका न ताणलेल्या पंज्यासाठी कापलेला गुणाचा अंश. काही जुन्या लोकांना हे रुचलं नाही. मला वाटतं, स्पर्धेने या खेळाचं भलंच केलं. तिच्यामुळे डाव लिहिले गेले, त्यांची काठिण्यपातळी ठरली. दोरीच्या मल्लखांबावर तर मुलींनी हुकमत मिळवली. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत दोरी धरून त्या वर सरकतात तेव्हा त्यात कसरतीचा अट्टहास उरत नाही. याच व्यायाम मंदिरातली हिमानी परब अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. आणि २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच शिवाजी पार्कवर भरली. पंधरा देशांचे खेळाडू आले होते.

ती स्पर्धा घडवण्यामागे उदय देशपांडे सर होते. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं थोर काम वाटतं ते अंध मुलांना मल्लखांब शिकवण्याचं. दुसऱ्याच्या अंगावरून हात फिरवून, कोपर कुठे वळलं, गुडघा कुठे अडकला हे चाचपून ती मुलं आसन समजून घेतात आणि मग स्वतः दोरीवर जाऊन तसंच करतात. पकडीचा हा खेळ अखेर स्पर्शाचाच आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल?

इथे शिकणं असंच हातातून हातात जातं. बारा वर्षांची ताई सहा वर्षांच्या पोराच्या पाठीखाली हात धरून उभी असते. तिच्या मागे कधीतरी कुणी दादा असाच उभा होता. शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ही माणसांची साखळी आहे, आणि ती तुटते ती दहावीला. क्लास लागतो, मूल येईनासं होतं. नेमकं तेव्हाच त्याचं अंग तयार झालेलं असतं, अवघड फरारे जमू लागलेले असतात, आणि धाकट्यांना त्याच्या हाताची सवय झालेली असते. घरच्यांची काळजी मला कळते. तरीही या मुलांच्या आईवडिलांना माझं मनापासून सांगणं आहे: दहावीच्या वर्षी त्यांना इथून काढू नका. रोज नको, आठवड्यातून तीन संध्याकाळी पाठवा. तासभर खांबावर चढू द्या आणि अर्धा तास धाकट्यांना शिकवू द्या. परीक्षा झाली की बाकीचं ती स्वतःच भरून काढतील.