तळाशी चार अक्षरं

पावसाळ्यात डबक्यावर पेट्रोलचा तवंग आला की कसे जांभळे-हिरवे-सोनेरी रंग फिरतात? तसे काचेच्या बोलवर दिसले तर जरा उचलून बघा. कार्निव्हल ग्लास असू शकते. साच्यात दाबलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारतात, त्याची ही झळाळी. अमेरिकेतल्या फेंटन कंपनीनं १९०७ मध्ये हा माल बाजारात आणला, टिफनीच्या महागड्या काचेला स्वस्त पर्याय म्हणून. पुढे जत्रेतली बक्षिसं म्हणून 'कार्निव्हल' हे नाव चिकटलं.

मला हे वेड लागलं पुण्याच्या जुन्या बाजारात. रविवारी दोस्तमंडळी बाराला उठतात, मी सकाळीच गंजक्या कुलपांच्या ढिगात बश्या शोधत असते!

खरी परीक्षा मात्र इंदापूरला झाली, आजोबांच्या घराच्या वाटणीत. शेत, विहिरीच्या पाळ्या, सगळं मिटलं. घोडं अडलं काचेच्या कपाटापाशी. केशरी झाकेचे सहा पेले आणि माशाच्या आकाराची एक फुलदाणी. थोरले काका वर्षानुवर्षं सांगत आलेले, "विलायती हाय, लाखात जाईल."

"पोरी, तू त्यातली ना? मग सांग भाव."

पेला उपडा केला. तळाशी इंग्रजीत चार अक्षरं : जैन. म्हणजे फिरोझाबादची जैन ग्लास वर्क्स.

"बांगड्यांच्या गावची व्हय?" काकांचा चेहराच पडला.

गंमत म्हणजे ब्रिटन-अमेरिकेतले कलेक्टर हीच अक्षरं शोधत असतात. जैनचे मासे, हत्ती यांची तिकडे क्रेझ आहे. तरी लाख वगैरे विसरा. भाव ठरतो झळाळीवर आणि कडेला टवका आहे का, यावर. आणि झळाळी म्हणजे वरचा एक पातळ थर. राखेनं घासला की गेला.

चार पेले लखलखीत होते, पाहुण्यांसाठी ठेवलेले. दोन पार पांढुरके. आजी रोज त्यातूनच पाणी प्यायची आणि रोज राखेनं घासायची. मी सांगून टाकलं, बाजारात या दोघांची किंमत शून्य.

"मग ते माझ्या वाट्याला धरा," आत्या म्हणाली.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन्ही कशाला? एक मला ठेव की."

त्यावरून दोघांची जी जुंपली, ती जेवणं होईपर्यंत. मासा कुणी न्यायचा, हे अजून ठरायचंय.