आधी आपल्या स्टेशनवर जाऊन बघा

नगरला आमच्या वरच्या खोलीत प्लायवूडच्या फळ्यांवर रूळ ठोकलेत आणि त्यांवर जर्मन व अमेरिकी छोट्या मॉडेल गाड्या एकत्र धावतात. प्रवासी डबे बहिणीनं जर्मनीहून आणले, मालगाडी भाच्यानं शिकागोहून पाठवली. दोन्हींचं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पण एकाचा डबा दुसऱ्याला जोडायला गेलं की जमत नाही.

युरोपीय डब्याच्या टोकाला तारेची कडी असते, ती समोरच्या आकड्यावर चढते. अमेरिकी कपलर वळलेल्या मुठीसारखा, समोरच्या मुठीत अडकणारा. ही कडी त्या मुठीला धरत नाही.

"मामा, सगळ्यांचे कपलर बदलून टाका," भाचा फोनवर म्हणाला. माझं मन होईना. बफर असलेला युरोपीय डबा आणि बफर नसलेली अमेरिकी वॅगन, दोघांचं रूप टिकायला हवं होतं.

उत्तर नगरच्या फलाटावरच मिळालं. आपली रेल्वे हेच काम खऱ्या मापात करत आली आहे. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५पासून बनलेले आयसीएफ डबे मूळ स्विस आराखड्याचे. त्यांना बफर आणि स्क्रू कपलिंग. नंतरचे एलएचबी डबे जर्मन घराण्यातले, पण टोकाला अमेरिकी वळणाचं सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर. पुढे डिझेल इंजिन असलं तर तेही मूळ अमेरिकी आराखड्याचं. अशा इंजिनाच्या तोंडाशी मी वाकून पाहिलं: सीबीसीच्या जबड्यालाच स्क्रू कपलिंगचा जोड होता आणि दोन्ही अंगांना बफर. एकच इंजिन दोन्ही जातींचे डबे ओढतं.

मग मी एका युरोपीय बंद वॅगनच्या एका टोकाला कडी ठेवली, दुसऱ्या टोकाला मूठ बसवली. नव्या युरोपीय डब्यांना कपलरसाठी ठरावीक मापाचा खिसा असतो, त्यात बसणारी मूठ तयार मिळते. ही एक वॅगन मध्ये घातली की पूर्ण गाडी चालते.

बाकीचे प्रश्न सोपे होते. जुन्या जर्मन चाकांची कड खोल, बुटक्या रुळावर ती खिळ्यांना घासून टकटक वाजते. म्हणून अडीच मिलिमीटर उंचीचे रूळ घेतले. ८५ फुटी अमेरिकी प्रवासी डबा या प्रमाणात जवळजवळ ३० सेंटिमीटर होतो, वळणावर त्याचं पोट रुळाबाहेर, आतल्या बाजूला येतं. पुढे तसे डबे आले तर अडू नयेत म्हणून वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटरवर नेली. अमेरिकी पॉवर पॅक ११०–१२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावायचा नाही. मी सरळ डिजिटल नियंत्रण, म्हणजे डीसीसी घेतलं. त्याचं मानक १९९०च्या दशकात मॉडेल रेल्वेच्या अमेरिकी संघटनेनं स्वीकारलं, पण पाया जर्मनीतल्या लेंझ यांच्या कामाचा. या छंदाची दोन खंडं तिथंच एकत्र आली होती.

हा छंद आपल्याकडे नवा नाही. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून सुरू आहे. मुलांना घेऊन जरूर जा. आणि परदेशातल्या नातलगाला गाडी आणायला सांगाल तेव्हा 'एचओ' एवढंच सांगू नका, 'दोन रुळी, डीसी किंवा डीसीसी' असं स्पष्ट सांगा. मेर्कलिन या जर्मन कंपनीची तीन रुळी पद्धतीची गाडी देखणी असते, पण तिची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं वेगळी नसतात. दोन रुळी मार्गावर ठेवताच शॉर्ट होतो.