मालकीचा ठसा

मागच्या रमजान ईदनंतर दापोलीजवळच्या आमच्या जुन्या घराची कौलं बदलायची म्हणून माळा रिकामा केला. पत्र्याच्या ट्रंकेत, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल निघालं. अब्बा सांगायचे ते हेच. खापरपणजोबांनी सत्तावनच्या बंडात एका गोऱ्या साहेबाच्या हातून हिसकावून आणलेलं.

पुतण्याने लगेच फोटो काढून खानदानाच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत दोन फोन आले. पहिला पुण्याच्या चुलत भावाचा. "लोखंडावर वाघ आहे. टिपू सुलतानचं असणार!" दुसरा मोठ्या चाचांचा. "तो फोटो आधी काढून टाक. आपल्या घरात पिस्तूल म्हटल्यावर ते किती साली बनलं हे कुणी विचारत नाही, बाबा."

दोघांनाही उत्तर द्यायचं म्हणून मी ठसे वाचायला बसलो.

अशा वेळी पहिला मोह होतो तो पॉलिश पेपरने गंज घासून काढायचा. तो टाळायचा. गंजाबरोबर ठसाही जातो. हलकं तेल लावून मऊ कापडाने पुसायचं आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरायचा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात झिजलेली रेघ सावली टाकते. मग पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल फिरवायची, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी.

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो, तिथे मालकाची खूण असते. ब्रिटिश सरकारच्या हत्यारांवर मुकुट आणि बाणाचं टोक दिसतं. अशी दोन टोकं एकमेकांना भिडलेली असली तर माल सरकारी खात्यातून विकला गेला असं समजायचं. पुढे हिंदुस्थान सरकारच्या हत्यारांवर बाणाखाली इंग्रजी आय अक्षर येऊ लागलं. ईस्ट इंडिया कंपनीची खूण वेगळी होती. आधी बदामाच्या आकाराचे चार भाग आणि त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं. साधारण १८०८पासून त्या जागी सिंह आला, मागच्या पायांवर उभा आणि पुढच्या पंजात मुकुट धरलेला.

आमच्या कागदावर उमटला तो हाच सिंह. आयाळ स्पष्ट होती, पट्टे नव्हते. टिपूच्या हत्यारांवर वाघ, वाघाचे पट्टे आणि हैदरच्या नावाचं पहिलं अक्षर असायचं. शिवाय टिपू १७९९ साली शहीद झाला. कंपनीचा हा सिंह त्याच्या नंतरचा.

भावाचा हिरमोड झाला. माझा हिरमोड पुढे व्हायचा होता. आमचं पिस्तूल चकमकीचं. सत्तावन उजाडेपर्यंत कंपनीच्या फौजेत चकमक मागे पडून तांब्याच्या टोपीवर आपटणारा घोडा आला होता. लढाईला निघालेल्या साहेबाच्या कमरेला हे जुनाट पिस्तूल कशाला असेल? त्यापेक्षा साधी शक्यता दारातच होती. दापोलीला लोक आजही कॅम्प म्हणतात, तो कंपनीच्या फौजेचा कॅम्प. कंपनीच्या पलटणीत कोकणातले मराठे होते, महार होते, मुसलमानही होते. आमचाही कुणी असेल. हिसकावलं नसेल, नोकरीत हाताळलं असेल.

ही गोष्ट अब्बांच्या पश्चात कळली याचं मला आधी बरंच वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. ती गोष्ट त्यांनी इतक्या वेळा का सांगितली असेल? शाळेत, नोकरीत, भाड्याने घर शोधताना ज्याला आडून आडून विचारलं जातं की तुम्ही नेमके कुणाचे, त्याला घरात एक पुरावा हवा असतो. अब्बांनी पिस्तुलाला पुरावा केलं. कंपनीची भाकरी खाल्लेले पूर्वज या देशात सगळ्याच जातीधर्मांत सापडतील. पण त्यांतल्या सगळ्यांना गोष्ट बदलून सांगावी लागत नाही.

आणि ठसा तरी किती सांगतो? लोखंड कुणाच्या मालकीचं होतं एवढंच. ते ज्याने उचललं त्याचं मन कुणाकडे होतं, हे कुठल्याच पट्टीवर कोरलेलं नसतं. पलटणीतला शिपाईही साहेबाचं हत्यार हिसकावू शकतो. सत्तावन साली तर तेच झालं.

१९५९चा शस्त्र कायदा जुन्या घडणीच्या, दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या हत्यारांना वगळतो. आमच्या पिस्तुलाची नळी चिरलेली आहे. तरी चाचांच्या जिवाला स्वस्थता नव्हती, म्हणून पोलीस ठाण्यात द्यायला अर्ज लिहिला. त्यात सिंह लिहिला, चकमक लिहिली, चिरलेली नळी लिहिली. सत्तावनचं काही लिहिलं नाही, टिपूचंही नाही.

"कोणाचे?" यापुढे लिहिलं, "वडिलोपार्जित." चाचांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.