तबकडी आणि खारा वारा

वरळी कोळीवाड्यासारख्या तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या वस्तीत राहून ज्याला पुन्हा गाण्यांच्या तबकड्यांकडे वळायचे आहे, त्याने यंत्राच्या नावलौकिकाची चौकशी करण्याआधी आपल्या घराच्या भिंतींची पाहणी करावी, असे माझे मत अनेकांची यंत्रे मांडून दिल्यानंतर पक्के झाले आहे.

खरेदीची जागा बहुधा ठरलेली असते: चोरबाजारातील मटन स्ट्रीट. तेथे परदेशातून आलेली, दिसायला देखणी यंत्रे मिळतात. पण अमेरिकेच्या घरगुती विजेसाठी बनलेले पट्ट्याचे जुने यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून चालू केले, तरी त्याची मोटर साठ आवर्तनांऐवजी आपल्या पन्नास आवर्तनांवर चालते, आणि मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी थाळी २८ फेऱ्यांच्याही आत राहते. असे झाले की गाणे केवळ रेंगाळत नाही. षड्ज आणि कोमल गंधार यांच्यात जितके अंतर, तितका गायिकेचा स्वर खाली उतरतो. म्हणून वेग तपासायची १८० रेघांची चकती बरोबर न्यावी आणि ती निऑनच्या बारीक दिव्याखाली धरावी. रेघा स्थिर दिसल्या तरच भावाची बोलणी करावीत. ज्याच्या सुई धरणाऱ्या भुजेचे वजन बदलता येत नाही, ते पेटीवजा यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

खरे काम त्यानंतरचे. कोळीवाड्यातील घरे अरुंद, एकावर एक चढवलेली. पोटमाळ्यावर मूल धावले की फळी हलते आणि सुई उडते. सुई उडू लागली की भुजेवर नाणे ठेवण्याची रीत घरोघर होती. त्या नाण्याने तबकडीची जी झीज होते, ती कोणत्याही उपायाने भरून येत नाही. मजबूत भिंतीत कंसाची फळी ठोकून यंत्राला जमिनीपासून अलग करणे हाच या दुखण्यावरचा इलाज. मग पाणसळ ठेवून थाळी समतल करावी, मागचे वजन फिरवत भुजा हवेत आडवी तरंगेपर्यंत आणावी, आकडा शून्यावर घ्यावा आणि सुई बसवलेल्या कार्ट्रिजच्या कागदावर लिहिला असेल तितका भार, बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास, चढवावा. हलका भार तबकडीला सुखाचा, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे: सुई खाचेत बसत नाही, भिंतींवर आपटते आणि आपटलेल्या जागी खरखर कायमची राहते. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना तर सुईच वेगळी, जाड टोकाची लागते.

खाऱ्या हवेचा बंदोबस्त मात्र नित्याचा आहे. कार्ट्रिजमागच्या चार नाजूक तारांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू मुकी होते. त्या तारा चिमट्याने अलगद काढून, पुसून पुन्हा बसवाव्यात. पावसाळ्यात बुरशी आलेल्या व्हिनाइलच्या तबकड्या शुद्ध पाण्याने धुता येतात; पण लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते आणि पुसणाऱ्याच्या फडक्याबरोबर सूरही निघून जातो.

शेवटची परीक्षा मी ‘मी डोलकर’वर घेतो. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, हेमंतकुमार आणि लता मंगेशकर यांचे गाणे, आणि ते या वस्तीच्या स्वतःच्या व्यवसायाचे: त्याच्यावर अन्याय झालेला येथे लगेच कळतो. तबकडी मध्याकडे सरकत जाते तसतसा खाचेचा फेरा आखडतो आणि ‘स’, ‘श’ फिसकारू लागतात. फिसकारले, तर स्क्रू सैल करावेत, कार्ट्रिज केसभर मागेपुढे सरकवावे, कोन पुन्हा मोजावा, आणि भार पुन्हा तपासल्याशिवाय तबकडीवर सुई टेकवू नये.