मनीऑर्डरीचे कुपन

लष्करातील शिपायाच्या चरित्राचे दोन भाग सहसा दोन ठिकाणी नोंदले जातात. रणांगणाचा भाग पलटणीच्या इतिहासात जातो आणि संसाराचा भाग, कोणी जपलाच तर, घरच्यांच्या बोलण्यात उरतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हे शेपूट कायमचे जोडले गेले असून पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जणांचे स्मारक आजही उभे आहे. अशा मुलखात हे दोन्ही भाग एकत्र वाचता येतात ते पेन्शनीत आलेल्या माणसाच्या लोखंडी ट्रंकेतील कागदांवरून. याच भागातील, वयाची नव्वदी गाठलेल्या एका हवालदाराचे आयुष्य येथे त्याच्या कागदांच्या आधारे पाहिले आहे.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, म्हणजे भरती झालेल्या पोराचा कवायतीतून शिपाई घडवण्याची जागा. तेथे हा माणूस १९५५ साली विशीत दाखल झाला आणि तेथून ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १७६८ साली उभारलेल्या पहिल्या बटालियनमध्ये गेला. तो घरी परतला १९७७ साली. वर्षाला साधारण दोन महिन्यांची वार्षिक रजा, अधूनमधून मिळणारी किरकोळ रजा, आणि युद्धाच्या काळात दोन्ही बंद, असा हिशोब मांडला तर बावीस वर्षांच्या नोकरीत तो पाचेक वर्षेच घरात होता असे निघते. कुटुंबवत्सल हे विशेषण अशा माणसाला लावताना म्हणूनच थोडे थांबावे लागते, कारण तिन्ही मुलांच्या जन्माच्या वेळी तो गावात नव्हता.

घराशी असलेला त्याचा व्यवहार कागदावर चालत असे. मोर्चावर असलेल्या शिपायाच्या पत्त्यात गाव नसते. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि त्याखाली ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक, एवढ्यावरच पत्र पोहोचते. आपला माणूस बर्फात आहे की जंगलात हे बायकोला त्यावरून कळत नसे. दरमहा येणारी मनीऑर्डर हीच त्याच्या खुशालीची बातमी होती आणि ती चार दिवस लांबली की घरात कोणाला घास गिळवत नसे.

डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती. पलटणीचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ती ज्या ब्रिगेडमध्ये होती तिच्याकडून गेलेल्या शरणागतीच्या निरोपाला पाकिस्तानी कमांडरने कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर पाठवले. त्यानंतरच्या रात्री निकराची लढाई झाली आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडले. पलटणीच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचे स्थान आहे. हवालदाराच्या सांगण्यात मात्र तो फार तर दोन वाक्यांचा असतो आणि तिसऱ्या वाक्यात, त्या महिन्याची मनीऑर्डर राहून गेली होती, हे येतेच.

निवृत्तीनंतर त्याने सर्वांत चिकाटीने लढलेली लढाई ‘पार्ट टू ऑर्डर’ची होती. शिपायाचे लग्न, मुलांचे जन्म, बढती, बदली यांची अधिकृत नोंद ज्या आदेशाने होते त्याला लष्करात हे नाव आहे आणि त्यात जे छापले गेले तेच सरकारच्या लेखी खरे असते. आपल्याकडे लग्नात तांदळात नाव काढून नवरीचे नाव बदलण्याची रीत. पलटणीच्या कारकुनाने मात्र हवालदाराच्या बायकोचे माहेरचे नाव लिहून घेतले होते, आणि शिधापत्रिकेवर होते सासरचे. या फरकाने आपल्या मागे तिचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकेल, ही धास्ती त्याने घेतली. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल, जोडफोटो, पुन्हा प्रतिज्ञापत्र असे हेलपाटे त्याने घातले. पंचाहत्तरीच्या माणसाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर डबा घेऊन बसावे, हे मुलांना लाजिरवाणे वाटे. त्याला तसे वाटले नाही. नाव दुरुस्त होऊन आले. त्यानंतर काही वर्षांनी, २०१९ मध्ये, तीच आधी गेली.

दीर्घायुष्याची दखल पेन्शनचे नियमही घेतात: वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनात वीस टक्के भर पडते, ८५ ला ती तीस, ९० ला चाळीस, ९५ ला पन्नास टक्के होते आणि शंभरी गाठणाऱ्याला मूळ रकमेइतकी आणखी रक्कम मिळते. यांतील तीन पायऱ्या त्याने ओलांडल्या आहेत आणि वाढलेले पैसे नातीच्या शिक्षणाकडे जातात. दर नोव्हेंबरला द्यावयाचा हयातीचा दाखला आता यंत्रावर बोट टेकवून मिळतो. पण शेतीत आणि त्याआधी रायफलीवर झिजलेले त्याचे बोट यंत्र ओळखत नाही, म्हणून नातू मोबाइल तोंडासमोर धरतो आणि आजोबांना पापण्या मिटायला सांगतो. तेवढ्यापुरता हवालदार ताठ सावधानमध्ये बसतो.

बायकोच्या पश्चात तिची पेटी उघडली तेव्हा लुगड्यांच्या तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक पट्टी असे, तिला कुपन म्हणत; पैसे घेणाऱ्याने ती फाडून ठेवायची आणि पाठवणाऱ्याने तिच्यावर दोन ओळींचा मजकूर लिहायचा. बाईला अक्षरओळख नव्हती. पोस्टमन ओटीवर उभा राहून मोठ्याने वाचत असे, आणि ओटीवर सासरा बसलेला असे. त्यामुळे सगळ्या कुपनांवर मजकूर एकच होता: रक्कम पोचल्याचे कळवणे, मुलांना जपणे. १९७१ च्या डिसेंबरचे कुपन त्यांत नव्हते. जानेवारीच्या कुपनावर मात्र नेहमीच्या ओळीखाली एक जादा ओळ होती, की मागील महिन्याचे पैसे यात धरले आहेत.